विश्लेषण : आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत आधी दगड की आधी वाळू?

निळे, पिवळे, नारिंगी आफ्रिकन सिक्लिड दुकानात जितके देखणे दिसतात, तितकेच घरी आल्यावर भांडखोर निघतात. त्यात त्यांना उकरायची खोड. कोपऱ्यातली वाळू रातोरात मधोमध आणून टाकतात. दगडांची रास त्या वाळूवर उभी असेल तर ती घसरते, कधी माशावर, कधी थेट काचेवर.

हे मासे मूळचे कुठले?

आपल्याकडे 'आफ्रिकन' म्हणून विकले जाणारे बहुतेक सिक्लिड मलावी सरोवराच्या वंशातले, काही टांगानिका सरोवरातले. मलावीच्या खडकाळ काठच्या माशांना तिथले टोंगा लोक 'म्बुना' म्हणतात, म्हणजे खडकातला मासा. खडकावरचा शेवाळाचा थर खरवडून हे मासे पोट भरतात, आणि नर आपापली कपार अडवून बसतो. पीकॉकचा ओढा मात्र वाळूकडे. तिच्यात दडलेले किडे तो टिपतो. टांगानिकात तर गोगलगायीच्या रिकाम्या शंखात संसार थाटणारे सिक्लिडही आहेत. दोन्ही सरोवरांचे पाणी अल्कधर्मी : मलावीचा पीएच 8 च्या आसपास, टांगानिकाचा 9 च्या जवळ.

दगड कसे रचावेत?

आधी दगड, मग वाळू. हा क्रम उलटा झाला की पुढचे सगळे कष्ट पाण्यात. तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी अंथरावी, म्हणजे दगडाचे टोक एकाच जागी रुतत नाही. सर्वात मोठे, सपाट बुडाचे दगड त्यावर टेकवावेत, हाताने हलवून पाहावेत आणि मगच वरचा थर चढवावा. डुगडुगणारा दगड 'बसेल पुढे' म्हणून सोडू नये. उंच रचायचे असेल तर अ‍ॅक्वेरियमचे सिलिकॉन लावून जोडावे. फटी भरपूर हव्यात आणि शक्यतो प्रत्येक कपारीला दोन तोंडे हवीत. एकच तोंड असेल तर मार खाणारा मासा आत कोंडला जातो आणि तिथेच मरतो.

वजनाचाही हिशेब करा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे 255 लिटर, म्हणजे तेवढेच किलो पाणी मावते. दगड, वाळू आणि काच वेगळी.

कोणता दगड चालेल?

सह्याद्रीचा काळा पाषाण उत्तम : कठीण, आणि पाण्यात जवळपास काही न सोडणारा. शहाबादी फरशीचे उरलेले तुकडे तर अशा टाकीसाठी सोन्यासारखे. सपाट असल्याने गुहा पटकन रचता येते आणि चुनखडीचे असल्याने ते पाणी किंचित अल्कधर्मी ठेवतात. कडा तेवढ्या कानशीने घासून घ्याव्यात. पीएच बेसुमार चढेल अशी भीती नको. पाणी अल्कधर्मी झाले की चुनखडी विरघळणे जवळपास थांबते. ठिसूळ जांभा टाळावा. धातूसारखी चमकणारी रेघ असलेला किंवा रंग दिलेला दगड अजिबात नको. दगड चुनखडीचा आहे का, हे व्हिनेगरचे थेंब टाकून कळते, तो फसफसतो.

आणि वाळू?

बारीक, गोलसर, धुऊन निवळ केलेली. धारदार खडी नको, कारण हे मासे वाळू तोंडात घेऊन चाळतात. एक ते दोन इंच थर पुरे. जाड थरात घाण कुजते. पांढऱ्याशुभ्र वाळूवर माशांचे रंग फिके पडतात, असा अनेक हौशी मंडळींचा अनुभव. समुद्रावरची वाळू आणू नये, तिच्यात मीठ असते.

मुंबई-पुण्याचे धरणाचे पाणी मृदू असते. माशांच्या विष्ठेवर जिवाणू काम करतात तेव्हा आम्ल तयार होते, आणि मृदू पाण्याचा पीएच हळूहळू उतरतो. शहाबादी दगड नसेल तर कोंबड्यांना देतात तो शिंपल्यांचा चुरा धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवावा. बोअरचे पाणी बहुधा मुळातच जड असते. तिथे आधी पीएच आणि जडपणा मोजून पाहावा. किनाऱ्यावरचे प्रवाळ मात्र उचलू नका. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षित आहेत.

दगडांवर हिरवा थर चढला की घासून काढायची घाई नको, म्बुना तो आवडीने खातात. नवा मासा सोडताना मात्र वरचे दोन-चार दगड हलवून ठेवा आणि दिवा बंद करा. जुन्या नरांच्या हद्दी मोडतात आणि नव्या माशाला कपार शोधायला रात्र मिळते.