मागे राहिलेला स्वार

पावसाळा सरला, डोंगरावरचे धुके विरळ झाले आणि वाटा वाळू लागल्या, की रविवारी पहाटे साखळी, वाळपई, दोडामार्ग अशा ठिकाणच्या चहाच्या दुकानांपुढे मोटारसायकलींची रांग उभी दिसते. या गाड्या नेहमीच्या नव्हेत. पुढचे चाक मोठे, टायरांचे दात खोल, मडगार्ड उंच चढवलेले आणि अंगावर गेल्या खेपेचा तांबडा चिखल तसाच. त्यांचे स्वार घाईघाईने चहा घेतात आणि डांबरी सडक सोडून डोंगराच्या अंगाला वळतात. बाकावर बसलेली वडीलधारी मंडळी मान हलवतात. चांगला रस्ता असताना खाचखळग्यांत शिरणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हा त्या मान हलवण्याचा अर्थ.

आम्ही या नाक मुरडणाऱ्यांत नाही. तसा अधिकारच आम्हाला उरलेला नाही. कारण पन्नाशी ओलांडलेल्या आम्हा चार मित्रांनी गतवर्षी हेच अवलक्षण स्वखुशीने पत्करले. त्यात जे घडले ते सांगणे आमच्या प्रतिष्ठेला फारसे पोषक नाही. तथापि यंदाचा हंगाम सुरू होत असताना ते न सांगणे अधिक गैर ठरेल.

मोटारसायकल ही गोमंतकाला नवी वस्तू नव्हे. पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकलीवर उतारू पोहोचवणारा ‘पायलट’ ही या भूमीची खास ओळख आहे. मासळीची पेटी मागे बांधून वाड्यावाड्यांवर जाणारा विक्रेता, भर पावसात दुधाचे कॅन घेऊन डोंगर उतरणारा गवळी, हे तर आडवाटेचे खरे स्वार. निसरडा दगड, तुडुंब ओहोळ, अंधारी चढण हे सारे त्यांच्या वाट्याला रोज येते. त्यांच्या पराक्रमाला कोणी साहस म्हणत नाही आणि त्यांना पदकही मिळत नाही. आमच्यासारखे हौशी लोक ज्या वाटेला रविवारची मौज समजतात, ती कोणाची तरी सोमवारची गरज असते, एवढे आरंभीच नमूद करून ठेवतो.

या खेळाला शतकाहून मोठा इतिहास आहे. मोटारसायकलींची सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी १९१३ मध्ये इंग्लंडात सुरू झाली. पुढल्याच वर्षी, १९१४ मध्ये, यॉर्कशरच्या माळरानांवर ‘स्कॉट ट्रायल’चा जन्म झाला. ‘ट्रायल’ या प्रकारातील एक नियम मोठा उद्बोधक आहे. दगडधोंड्यांचा आखून दिलेला टप्पा पार करताना स्वाराचा पाय जमिनीला टेकला की दोषाचा गुण पदरी पडतो. अशा टप्प्यात धावण्याला मोल नाही; तोल, संयम आणि पुढच्या चार हातांचा विचार यांना मोल आहे. वेगाचे वेड लागलेल्या यंत्रासाठी माणसाने सावकाशपणाची परीक्षा शोधून काढावी, यात केवढे शहाणपण आहे!

आपल्या देशात १९९९ मध्ये ‘रेड द हिमालय’ ही शर्यत सुरू झाली आणि पर्वतातील खडतर वाटांकडे तरुणांचे लक्ष वेधले गेले. बेंगळुरूचे सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये जगातील अत्यंत कठीण मानल्या जाणाऱ्या डाकार शर्यतीत भाग घेतला. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. केरळचे हरित नोआ यांनी २०२४ मध्ये त्याच शर्यतीत आपल्या गटाचे विजेतेपद पटकावले. ही अभिमानाची बाजू झाली. दुसरी बाजूही विसरता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये पोर्तुगालचे अनुभवी स्वार पावलो गोन्साल्विस सौदी अरेबियाच्या वाळवंटात याच शर्यतीत मृत्युमुखी पडले. ते एका भारतीय संघाकडून धावत होते. पुढच्याच जानेवारीत संतोष यांना तेथेच भीषण अपघात झाला. त्यांना औषधांनी बेशुद्ध ठेवून उपचार करावे लागले आणि सुदैवाने ते सुखरूप परतले. त्या शर्यतीत वैद्यकीय पथके व हेलिकॉप्टरे दिमतीला असतात. आपल्या रविवारच्या स्वारांच्या दिमतीला काय असते? एक पाण्याची बाटली आणि तीन मित्र.

ते तीन मित्र कसे असावेत, हाच आजच्या लेखनाचा विषय आहे.

आमच्या चौघांत एक वकील, एक शाळामास्तर, एक गॅरेजचे मालक आणि चौथे आम्ही. दसऱ्यानंतरचा रविवार होता. सत्तरी तालुक्यातील एका गावाच्या वरच्या अंगाला काजूच्या बागायतीतून जाणारी बैलगाडीची जुनी वाट आम्ही निवडली होती आणि बागायतदाराची परवानगीही घेतली होती. गावाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. आणखी चाके तिकडे वळावीत अशी आमची इच्छा नाही. निघण्यापूर्वी गॅरेजवाल्या मित्रांनी टायरांतील हवा थोडी कमी केली, म्हणजे ते चिखलात अधिक पसरून पकड घेतात, आणि चहा पिता पिता एकच नियम सांगितला. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचे, मागचा डोळ्यांना दिसला की मगच पुढे निघायचे. आम्ही सर्वांनी शाळकरी पोरांसारख्या माना डोलावल्या.

पहिला प्रसाद वकीलसाहेबांना मिळाला. ओहोळाच्या मध्यावर त्यांची गाडी गुळगुळीत गोट्यावरून घसरली आणि इंजिनाने श्वासाबरोबर पाणीही ओढून घेतले. अशा वेळी बटण दाबत राहणे घातक असते. पाणी दाबले जात नाही, आतला लोखंडी दांडा मात्र वाकतो. गॅरेजवाल्यांनी स्पार्क प्लग काढला, इंजिन फिरवून पाण्याचे कारंजे बाहेर उडवले, एअर फिल्टर पिळून वाळत घातला आणि तासाभराने गाडी खोकत खोकत पुन्हा बोलू लागली. दुसरा प्रसाद आमचा. जांभ्याच्या सुट्या खड्यांवर उतारात आम्ही पुढचा ब्रेक आवळला. चाक फिरायचे थांबले, पण गाडी थांबली नाही. आम्ही करवंदीच्या जाळीत, क्लचचा दांडा मोडलेला आणि मित्रांचे हसणे डोंगराला ऐकू जाईल एवढे. दांड्याचे उरलेले थोटूक दोन बोटांनी ओढत आम्ही पुढे निघालो. इथवर सारे गमतीचे होते.

दुपार कलली तशी घाई सुरू झाली. उशीर झाला होता आणि, खरे सांगायचे तर, पडून उठल्यामुळे अंगात एक प्रकारची रग आली होती. मास्तर सर्वांत सावकाश चालवणारे, म्हणून ते मागे. एका फाट्यावर बैलगाडीची वाट चिखलाने भरलेली दिसली. शेजारून नाचणीच्या शेताचा दगडी बांध गेला होता. आम्ही तिघे थांबलो नाही, कोणाला विचारले नाही, बांधावरूनच गाड्या पुढे काढल्या. सकाळचा नियम त्या फाट्यावरच राहिला.

अर्ध्या तासाने, पुढल्या चढणीवर इंजिने बंद केल्यावर, मागून आवाज येत नाही हे आमच्या ध्यानात आले. परत येऊन पाहतो तो काय? आमच्या तीन गाड्यांनी खिळखिळा केलेला बांध चौथ्या गाडीखाली कोसळला होता. मास्तर कंबरभर खोल शेतात पडलेले आणि गाडी त्यांच्या पायावर. नव्हे, आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी त्यांच्या पायावर नव्हती. साठी उलटलेल्या एका शेतकऱ्याने आणि त्याच्या सुनेने ती बाजूला ओढली होती. बांध कोणी फोडला हे पाहायला तो म्हातारा हातात काठी घेऊन तावातावाने आला होता. ती काठी आता मास्तरांच्या मोडक्या पायाला आधार म्हणून बांधलेली होती. पायाभोवती पोफळीची रुंद विरी गुंडाळून वरून लुगड्याच्या पट्ट्या आवळलेल्या होत्या. आमच्यापैकी एकाने गाडीची चौकशी केली. म्हातारा एवढेच म्हणाला, “गाडी राहू दे बाबा, माणूस आधी उचला.”

मोबाइलला तेथे संपर्क नव्हता. म्हाताऱ्याचा नातू टेकडीवर धावत गेला आणि त्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवली. दोन बांबूंत घोंगडी अडकवून झोळी झाली. डांबरी रस्ता तीन किलोमीटरवर होता. तेवढे अंतर सहा माणसांनी आळीपाळीने तोलले. त्यांत आम्ही तिघे, आणि बाकीचे तिघे त्याच वाड्यावरचे. वाटेत कोणीही फुटलेल्या बांधाचा शब्द काढला नाही. तो न काढलेला शब्द आम्हाला आजही ऐकू येतो.

मास्तर बरे झाले; पाच महिन्यांनी काठी सोडून चालू लागले. परंतु त्या अर्ध्या तासाचा हिशेब आम्हाला अद्याप देता आलेला नाही. रक्तस्राव अधिक असता, मान दुखावली असती, तो म्हातारा त्या दिवशी बाजाराला गेला असता, तर? आम्ही अपघातात सापडलो असे म्हणण्याची सोय आम्हाला नाही. अपघात आम्ही घडवला. सापडले ते मास्तर.

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे. जरूर जा. डोंगर घरबसल्या समजत नाहीत आणि मैत्री चहाच्या टेबलावर पुरती पारखली जात नाही. मात्र तांड्याचा वेग सर्वांत मागच्या स्वाराने ठरवावा, आणि यंत्र जाणणारा एक कसलेला गडी नेहमी शेवटी राहावा. शिरस्त्राण केवळ १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला भिऊन घालू नये. गुडघ्यांची व घोट्यांची संरक्षक साधने वापरावीत. चाकाखाली प्रथम सापडतो तो पायच. प्रथमोपचाराचे शिक्षण तांड्यातील निदान दोघांनी घेतलेले असावे. मोडलेले हाड हलू नये अशा रीतीने वरचा व खालचा सांधा धरून बांधावे. मानेची शंका असल्यास आणि श्वास नीट चालत असल्यास शिरस्त्राण घाईने उपसू नये. शस्त्रक्रियेची शक्यता असते, म्हणून जखमीला खाऊपिऊ घालू नये. आणि कोठे जाणार, केव्हा परतणार, हे घरी सांगितल्याशिवाय निघू नये.

मदत करणाऱ्यांनाही एक गोष्ट ठाऊक असावी. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास चौकशीचा जाच होऊ नये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे. त्या वाड्यावरच्या माणसांना हे माहीत नव्हते. माहीत नसतानाही त्यांनी झोळी उचलली.

दुसरी गोष्ट वाटेची. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये घोषित झाली. तेथे परवानगीवाचून चाक नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग आहे. मोकळे दिसणारे सडे तरी मोकळे असतात काय? जांभ्याच्या सड्यावर बोटभर मातीत पावसाळी फुलांचा सारा संसार उभा असतो, आणि एक टायर तो क्षणात खरवडून नेतो. कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली प्राचीन चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आली. ती आणि कोकणातील कातळशिल्पे मिळून २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कोणत्या सड्यावरच्या मातीखाली आणखी काय दडले आहे, हे गाडीवरून कळत नाही. ओल्या पायवाटेवर पडलेल्या चाकोरीतून पुढल्या पावसात पाणी धावते आणि डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बायकांसाठी तेथे घळ तयार होते. बंद पडलेल्या खाणीच्या वाटा, खाजगी माळ, अशा जागा संबंधितांच्या संमतीने या खेळासाठी आखून देणे शासनाला आणि स्वारांच्या मंडळांना अशक्य नाही. खेळाला जागा मिळाली तर शेतांवरचा भार हलका होईल.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे पुन्हा त्या वाड्यावर गेलो. या वेळी बसने, आणि उरलेली वाट पायी. म्हाताऱ्याने आम्हाला पाहिले, काही न बोलता कुदळ हातात दिली आणि कोणता दगड कोठे बसतो ते दाखवू लागला. मोठे दगड तळाशी, लहान दगड फटींत, आणि प्रत्येक थर किंचित आत झुकलेला. संध्याकाळपर्यंत जेमतेम दोन वाव बांध उभा राहिला. आमच्या तीन गाड्यांना तो ओलांडायला एक मिनिटही लागले नव्हते.