शेतकऱ्यांच्या मालकीचे संकलन केंद्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे एका परिसरातल्या शेतकऱ्यांनी भागभांडवल घालून उभी केलेली, त्यांचाच माल गोळा करून, निवडून आणि भरून विकणारी संस्था. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा संस्थेला कायदेशीर रूप मिळाले. किमान दहा शेतकरी एकत्र आले की ती नोंदवता येते. महाराष्ट्रात अशा हजारो कंपन्या नोंदल्या गेल्या, पण अनेकींचा व्यवहार खते-बियाण्यांच्या विक्रीपुढे सरकलेला नाही. नोंदणी करताना मनात धरलेल्या चुकीच्या समजुती हे त्याचे एक मोठे कारण आहे.

सर्वांत खोल रुजलेली समजूत अशी, की कंपनी आली म्हणजे अडत्या-व्यापारी जातो आणि त्याचा नफा शेतकऱ्याच्या पदरात पडतो. गावोगावचा माल उचलणे, तोलणे, गाडी लावणे, वाटेतली तूट सोसणे, गिऱ्हाइकाकडून वसुली करणे आणि शेतकऱ्याला वेळेवर पट्टी देणे ही कामे आजवर अडते-व्यापारीच करत आले आहेत. कंपनीने ती अंगावर घेतली, की हमाली, भाडे, पगार आणि बुडीत येणे हा सारा भारही तिच्यावर येतो. तिची खरी कमाई प्रतवारीत असते. सरमिसळ ढिगाला एकच भाव मिळतो. निवडलेला माल मात्र आकार, रंग आणि टिकाऊपणा पाहून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना देता येतो आणि उरलेला प्रक्रियेला लावता येतो. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स द्राक्षनिर्यातीबरोबर टोमॅटोवर प्रक्रियाही करते, ती याच हिशोबाने. बाजार समितीला वगळून विकणे बेकायदा आहे, ही भीतीही निराधार आहे. राज्याने 2016 मध्ये फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त केला. समितीच्या आवाराबाहेर त्यांची थेट विक्री करता येते.

दुसरी समजूत अनुदानाची. केंद्र सरकारने 2020 मध्ये दहा हजार उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली. तिच्यात कार्यालय आणि पगारासाठी तीन वर्षांत मिळून 18 लाखांपर्यंत आणि भागभांडवलाला जोड म्हणून प्रत्येक सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत, एकूण कमाल 15 लाख मिळतात. मैदानी भागात त्यासाठी किमान 300 सभासद लागतात. ही मदत मोलाची आहे, पण ती व्यवहाराला पुरेल असे मानणे धोक्याचे आहे. समजा, 500 सभासदांनी प्रत्येकी 2,000 रुपये भरले. ते 10 लाख, जोडीचे 10 लाख, एकूण 20 लाख झाले. कंपनीने रोज दहा टन टोमॅटो किलोला 15 रुपयांनी घेतला, तर रोजचे दीड लाख लागतात. शेतकऱ्याला रोख द्यायचे आणि गिऱ्हाइकाचे पैसे 21 दिवसांनी यायचे असतील, तर साडेएकतीस लाख रुपये सतत अडकून राहतात. म्हणजे पहिला महिना संपायच्या आतच तिजोरी रिकामी. कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे 3 टक्के व्याजसवलत मिळते, पण ती गोदाम, प्रतवारीगृह अशा उभारणीसाठी. खेळत्या भांडवलासाठी नाही. आराखड्यात इमारतीआधी या पैशाची सोय मांडायला हवी.

तिसरी समजूत शीतगृहाची: एक मोठी थंड खोली बांधली की सगळा माल टिकतो. द्राक्षाला शून्याच्या आसपासचे तापमान लागते. केळी 13 अंशांखाली गेली की साल काळवंडते, आणि कच्चा टोमॅटो फार थंडीत ठेवला तर नंतर नीट पिकत नाही. कांद्याला थंडीपेक्षा कोरडी, खेळती हवा लागते. त्यासाठी कांदाचाळच योग्य. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची पालेभाजी पिवळी पडते. शिवाय द्राक्षासारख्या मालातली शेताची ऊब काढणीनंतर काही तासांत काढून टाकली नाही, तर पुढच्या शीतगृहाने गेलेला ताजेपणा परत येत नाही. म्हणून आधी पिके ठरवावीत, मग खोल्या.

मालकीबद्दलही गोंधळ आहे. ‘कंपनी’ म्हटले की बड्या भागधारकाचे राज्य, असे अनेकांना वाटते. सर्व सभासद व्यक्ती असतील तर कायद्याने प्रत्येकाला एकच मत असते, भाग कितीही असोत. भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत आणि बाहेरच्या गुंतवणूकदाराला सभासद होता येत नाही. याची दुसरी बाजू अशी, की मोठे भांडवल उभारणे अवघड जाते. सह्याद्रीने ही अडचण उपकंपनी काढून सोडवली. 2022 मध्ये त्या उपकंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये घातले. मुख्य कार्यकारी अधिकारीही पूर्णवेळ आणि सभासदांबाहेरचाच असावा लागतो. फावल्या वेळात एखाद्या संचालकाने कारभार पाहणे कायद्यातही बसत नाही आणि रोजच्या नाशवंत मालाच्या धंद्यातही.

सभासद झाला म्हणजे तो माल आणणारच, हे गृहीत सर्वांत महागात पडते. बाजारात भाव चढला की तो तिकडे जातो, पडला की कंपनीच्या दारात रांग लागते. आणि ठरलेल्या गिऱ्हाइकाला तर दोन्ही दिवशी तितकाच माल हवा असतो. शेतकऱ्याला यासाठी दोष देणे अन्यायाचे आहे, कारण त्याच्या घरचा हप्ता त्या दिवसाच्या भावावर अवलंबून असतो. कायद्याने उपाय दिले आहेत. नियमावलीत तशी तरतूद केल्यास मतदानाचा हक्क सक्रिय सभासदांपुरता ठेवता येतो. किमतीचा काही भाग राखून नंतर देता येतो. भागांवरचा परतावा मर्यादित ठेवून उरलेल्या नफ्यातून, ज्याने जितका माल दिला त्या प्रमाणात बोनस वाटता येतो.

शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून कंपनीचेही करमुक्त, हेही खरे नाही. सभासदांचा माल घेऊन विकण्यातला नफा हे व्यापारी उत्पन्न आहे. 2018 च्या अर्थसंकल्पाने 100 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या कंपन्यांना त्यावर पाच वर्षांपुरती वजावट दिली होती. तीही मुदतबंद होती.