उचल फिटते कोणत्या दिवशी?

मोहट्याच्या देवीची नवरात्र उरकली की पाथर्डी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मागे राहिलेल्या दहावीच्या मुलाच्या बीजगणितात पहिलंच प्रकरण असतं ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. रेषा कोणत्या अक्षाला कुठे छेदते, हे तो परीक्षेपुरतं शिकतो. खरं तर ते दोन्ही बिंदू त्याच्या घरच्या हिशेबात आहेत.

समजा एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, १,००,००० रुपये उचल घेतली. रोजची तोड दोन टन, दर टनाला ४०० रुपये. (आकडे सोपे जावेत म्हणून धरलेत.) रोज ८०० रुपये फिटतात. क्ष म्हणजे दिवस आणि य म्हणजे उरलेली बाकी धरली, तर:

य = १,००,००० − ८०० क्ष

क्ष शून्य ठेवला की य येतो १,००,०००. रेषा उभ्या अक्षाला इथे छेदते. कोयता हातात घेण्याआधीचं हे कर्ज. य शून्य ठेवला की क्ष येतो १२५. आडव्या अक्षावरचा हा बिंदू म्हणजे बाकी निल होण्याचा दिवस. मुलं इथे हमखास चुकतात, आडव्या अक्षावरचा छेद काढताना क्ष शून्य धरतात. आडव्या अक्षावर उंची नसते, म्हणून शून्य धरायचा तो य.

आता फडावर पोटाला लागतंच. मुकादमाकडून रोजची २०० रुपये खर्ची घेतली, तर फिटतात ६००. उभ्या अक्षावरचा बिंदू हलत नाही, पण रेषा कलंडते आणि १२५चे १६७ दिवस होतात. हंगाम १२० दिवसांतच आटोपला, तर २८,००० रुपये अंगावर राहतात. पुढच्या दसऱ्याला नवी उचल त्यावर चढते.

त्यात खाडा. आजारपणात एक दिवस बुडाला आणि ५०० रुपये दंड लागला, तर गेलेली मजुरी धरून फटका १,३०० रुपयांचा. रोज ६०० फिटणाऱ्याला तो भरून काढायला दोन दिवसांहून जास्त लागतात. पाळीच्या दिवसांत, ताप अंगावर काढत मोळ्या वाहणाऱ्या बाईला हे गणित कुणी शिकवावं लागत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिथल्या पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक असतील, पण खाड्याची धास्ती त्यात नाही असं म्हणवत नाही.

आलेख काढायला एक वही पुरते. उचलीचा आकडा उभ्या अक्षावर मांडायचा, दर पंधरवड्याला वजनाच्या पावत्यांतून मजुरी काढून, त्यातून खर्ची आणि दंड वजा करून एकेक बिंदू द्यायचा. पट्टी लावून रेषा आडव्या अक्षापर्यंत वाढवली की फिटण्याची तारीख मुकादमाच्या वहीआधी घरात कळते.