सीमेपलीकडचं मत

मराठवाड्यात उमरग्याजवळच्या मुरुमहून पश्चिमेला निघालं की अक्कलकोट लागतं, त्यापुढे सोलापूर. आज ही एका दिवसात जाऊन येण्याची वाट आहे. १८९५ साली मात्र या वाटेवर राज्य बदलायचं. मुरुम निजामाचं, अक्कलकोट संस्थानी आणि सोलापूर इंग्रजांचं. त्या वर्षी सोलापूरकडच्या लोकल बोर्डाच्या सभासदांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात कोणाला धाडायचं हे ठरवण्यात वाटा मिळाला. मुरुमच्या कुणालाही तो नव्हता.

हे कौन्सिल १८६१ च्या कायद्याने जन्मलं आणि १८६२ मध्ये त्याचं काम सुरू झालं. जगन्नाथ शंकरशेट त्यात बसले, पण सरकारने नेमले म्हणून. १८९२ च्या कायद्याने दार किंचित उघडलं. तेही असं, की ‘निवडणूक’ हा शब्द सरकारने शक्यतो टाळलाच. मुंबईची म्युनिसिपालिटी, विद्यापीठ, दख्खनचे सरदार, लोकल बोर्डं यांनी नाव सुचवायचं आणि गव्हर्नरने नेमणूक करायची. सभासदाला अंदाजपत्रकावर बोलता येई, प्रश्न विचारता येई. पण अंदाजपत्रकावर मत देता येत नसे, आणि आलेल्या उत्तरावर उपप्रश्नही करता येत नसे.

मध्य विभागाच्या लोकल बोर्डांनी १८९५ मध्ये टिळकांना निवडलं. या बोर्डांचा पैसा शेतकऱ्याच्या साऱ्यावरच्या लोकल फंडातून येई. तरी त्या शेतकऱ्याचं थेट मत टिळकांपर्यंत पोचत नव्हतं. मधे बोर्डाची चाळण होती. असं असूनही हा अधिकार मला क्षुल्लक वाटत नाही. प्रांताच्या वाढलेल्या महसुलातलं रयतेच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न टिळकांनी कौन्सिलात मांडला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी ‘केसरी’तून लोकांना दुष्काळाचे नियम समजावले आणि सोलापूरच्या विणकरांसाठी मदतीची योजना पुढे केली. हक्क कागदावर असला तर तो मागता येतो, हे त्या दुष्काळात लोकांना कळलं. १८९७ मध्ये टिळक पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी जुलैत राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि कौन्सिलातली जागा सुटली. १८९९ मध्ये याच मध्य विभागातून गोखले कौन्सिलात गेले.

आता मुरुमच्या बाजूने पाहू. शेजारचा नळदुर्ग जिल्हा निजामाने १८५३ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला होता. ‘ठग’ कादंबरीचा लेखक मेडोज टेलर तिथे अधिकारी होता. १८५७ च्या उठावात निजामाने इंग्रजांची बाजू घेतली. त्याची परतफेड म्हणून १८६० च्या तहाने नळदुर्ग पुन्हा हैदराबादकडे गेलं. त्या तहातली ही ओळ मला फार मोलाची वाटते. ती नसती आणि तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली असलेलं नळदुर्ग पुढे मुंबई इलाख्याला जोडलं गेलं असतं, तर तिथल्या बोर्डांनीही १८९५ मध्ये कौल दिला असता, असं म्हणायला जागा आहे. मुंबई इलाख्यात असणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे खरं. पण सरकारला जाब विचारण्याचं एक ठिकाण तरी हाताशी असतं.

हैदराबादेतही १८९३ मध्ये कायदे कौन्सिल आलं. त्यात अधिकाऱ्यांचा भरणा होता. पुढे जागीरदार आणि हायकोर्टाचे वकील यांना थोड्या जागा मिळाल्या. कारभाराची भाषा होती उर्दू. मुरुमच्या शेतात काम करणारा माणूस घरी मराठी बोलणारा, बाजारात कानडी ऐकणारा. त्या कौन्सिलात त्याच्या वतीने बोलणारा कुणी नव्हता.

तो मिळायला भारत सरकारची पोलीस कारवाई व्हावी लागली, संस्थान संपावं लागलं. १९५२ मध्ये हैदराबाद विधानसभेसाठी प्रौढ मतदानाने निवडणूक झाली आणि मुरुमकडच्या बायाही प्रथमच मतदानाला गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीने उमरग्याकडचा आमदार मुंबईच्या विधानसभेत जाऊन बसला. टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले, त्याला तेव्हा बासष्ट वर्षं झाली होती.