मीटरवरचे सगळे दिवे एकदम पेटलेत? मॉड्यूल बदलण्याआधी मेकॅनिकला या दोन वायरी बघायला सांगा

गाडी चालू केली आणि मीटरवर एबीएस, एअरबॅग, इंजिन असे सगळे दिवे एकदम पेटले की पोटात गोळा येतोच. गॅरेजवाला स्कॅनर लावतो. स्कॅनर सांगतो, 'एबीएस मॉड्यूलशी संपर्क नाही.' पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, मॉड्यूल गेलंय."

पण थांबा. फोन लागत नाही म्हणजे समोरच्याचा फोनच फुटलाय, असं कुठं असतं?

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, मीटर अशा प्रत्येकाचा वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो. प्रत्येकाला प्रत्येकाशी वेगळ्या वायरीने जोडायचं तर गाडीत वायरींचं जंगलच होईल. म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीनं 1986 मध्ये 'कॅन बस' जगासमोर आणली. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी आणि त्यावर सगळे कॉम्प्युटर. थोडक्यात, गाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप. एकाने टाकलेला मेसेज सगळ्यांपर्यंत जातो, ज्याच्या कामाचा असेल तो उचलतो.

या वायरींची नावं कॅन हाय आणि कॅन लो. शांतता असताना दोन्हींवर साधारण 2.5 व्होल्ट असतात. कुणी बोललं की हाय 3.5 वर चढते आणि त्याच क्षणी लो 1.5 वर उतरते. बाहेरून विजेचा गोंगाट आला तर तो दोन्ही वायरींवर सारखाच येतो, त्यामुळे दोघींमधला फरक बदलत नाही आणि मेसेज शाबूत राहतो. भारी डोकं लावलंय!

पण हे सगळं प्रचंड वेगात चालतं. 500 केबीपीएसच्या नेटवर्कवर एक बिट फक्त 2 मायक्रोसेकंद टिकतो. मल्टीमीटर बिचारा सरासरी आकडा दाखवून मोकळा होतो. इथं लागतो ऑसिलोस्कोप. डॉक्टर ईसीजी काढतात ना, तसा हा व्होल्टेजचा आलेख स्क्रीनवर काढतो.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये बऱ्याच गाड्यांत 6 नंबरच्या पिनवर हाय आणि 14 वर लो मिळते. नेटवर्क ठणठणीत असेल तर दोन रेघा आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दिसतात. हाय शून्यावर सपाट पडली असेल तर ती बहुतेक कुठंतरी बॉडीला टेकलीय. दोन्ही रेघा हातात हात घालून 2.5 च्या आसपास पडून असतील, तर वायरी एकमेकींना चिकटल्या असण्याची शक्यता मोठी. उंदरानं कुरतडलेली वायर किंवा पावसाचं पाणी शिरलेला कनेक्टर, कारण इतकं साधंही असू शकतं.

नेटवर्कच्या दोन टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. त्यातला एक तुटला की सिग्नल टोकावर आपटून परत येतो आणि रेघेच्या कडा थरथरतात. बॅटरी काढून मोजल्यावर 60 ऐवजी 120 ओहम दिसले की संशय पक्का.

खरी गंमत पुढं आहे. स्क्रीनवर नजर ठेवून एकेका मॉड्यूलचा कनेक्टर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर रेघा सुधारतात, गडबड त्या मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या वायरीत. बऱ्याचदा हा भलताच कुणीतरी निघतो, स्कॅनरनं नाव घेतलेला नव्हे!

काही नव्या गाड्यांत मध्ये गेटवे असतो. तिथं ओबीडी सॉकेटवर आतलं नेटवर्क दिसतच नाही, थेट त्या वायरींपर्यंत जावं लागतं.

आणि रेघा स्वच्छ असूनही एबीएस गप्पच असेल तर? आधी त्याचा फ्यूज, सप्लाय, अर्थिंग आणि नेटवर्कपासून त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरी तपासायच्या. तेही ठीक निघालं, तर मग नव्या मॉड्यूलची किंमत विचारा.