आवृत्ती-नियंत्रण : जुने साधन की नवे?

सॉफ्टवेअर लिहिताना कोणत्या फाइलीत कोणी, केव्हा आणि काय बदलले याची नोंद ठेवणारी आणि गरज पडल्यास मागची अवस्था परत मिळवून देणारी जी व्यवस्था असते, तिला आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात. अशा प्रणालींचा इतिहास बेल लॅब्जमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या ‘एससीसीएस’पर्यंत मागे जातो. मात्र आज जुन्या-नव्याचा वाद मुख्यतः सीव्हीएस, सबव्हर्जन आणि गिट यांच्याभोवती फिरतो, आणि त्यांतील फरक वयापेक्षा रचनेचा अधिक आहे.

१९८६ साली डिक ग्रुने यांनी आरंभ केलेल्या सीव्हीएसमध्ये प्रत्येक फाइलीला स्वतंत्र आवृत्तीक्रमांक असतो. त्यामुळे दहा फाइलींतील बदल पाठवताना मध्येच संपर्क तुटला, तर काही फाइली नव्या आणि काही जुन्या अशी विसंगत स्थिती उरू शकते. २००४ साली पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या सबव्हर्जनने हा दोष दूर केला, कारण तेथे बदलांचा संच एक तर संपूर्ण नोंदवला जातो किंवा मुळीच नोंदवला जात नाही. इतिहास मात्र मध्यवर्ती सर्व्हरवरच राहिला.

लिनक्सच्या विकासासाठी वापरल्या जाणाऱ्या बिटकीपर या खासगी प्रणालीची विनाशुल्क सवलत २००५ साली संपली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट रचले. त्यात प्रत्येक विकासकाकडे संपूर्ण इतिहासाची प्रत असते, म्हणून नेटवर्क नसतानाही नोंद करता येते आणि मूळ धारेपासून वेगळी शाखा काढून ती पुन्हा जोडणे सोपे जाते. क्रमांक देणारे केंद्रच नसल्याने प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या आशयावरून गणिताने काढलेल्या लांबलचक चिन्हाने ठरते; जुनी नोंद कोणी बदलली, तर पुढची सर्व चिन्हे बदलतात आणि फेरफार उघडा पडतो.

या निवडीचे बोलके उदाहरण बीएसडी कुळातील दोन कार्यप्रणालींमध्ये सापडते. फ्रीबीएसडीने २००८ साली सीव्हीएस सोडून सबव्हर्जन घेतले आणि २०२०च्या डिसेंबरमध्ये मुख्य स्रोत गिटवर नेला. तरीही चढत्या क्रमांकांची सवय इतकी मुरलेली होती, की गिटच्या चिन्हासोबत नोंदींची मोजणीही आवृत्तीच्या नावात ठेवण्यात आली. ओपनबीएसडी मात्र सीव्हीएसवरच राहिली. याला निव्वळ हट्ट म्हणणे घाईचे ठरेल, कारण जेथे थोडे परिचित विकासक बहुतांशी एकाच मुख्य धारेवर काम करतात, तेथे शाखा काढून पुन्हा जोडणे अवघड असल्याची उणीव फारशी जाणवत नाही.

गिटची मर्यादा मोठ्या चित्रफाइली, ध्वनिफाइली आणि त्रिमितीय नमुने यांच्या बाबतीत दिसते. दोघांनी केलेले बदल अशा फाइलींत एकत्र जोडता येत नाहीत, म्हणून एकाचे काम संपेपर्यंत फाइलीला कुलूप घालण्याची सबव्हर्जनची सोय तेथे उपयोगी पडते. शिवाय प्रत्येकाकडे सगळा इतिहास नेणे जड होते. त्यावर उपाय म्हणून आलेले गिट एलएफएस मोठ्या फाइली वेगळ्या सर्व्हरवर ठेवते, म्हणजे टाळलेले केंद्र मागच्या दाराने परत येते.

नव्या प्रकल्पासाठी सीव्हीएस निवडण्याचे सबळ कारण आता उरलेले नाही, आणि काम मुख्यतः मजकुरी स्रोताचे असेल तर गिट हीच स्वाभाविक निवड ठरते. सुरळीत चाललेले सबव्हर्जन केवळ प्रथा बदलली म्हणून सोडण्याची गरज नाही. सोडायचेच ठरले, तर जुने क्रमांक आणि गिटची चिन्हे यांची जुळणी दाखवणारी यादी आधी तयार करावी, कारण वर्षानुवर्षांच्या दोषनोंदींमध्ये उल्लेख त्या जुन्या क्रमांकांचेच असतात.