प्रोब धरणारा हात कसा तयार होतो

एक्स-रेसाठी रुग्णाला नीट उभे करून बटण दाबले की ठरलेला भाग टिपला जातो. सोनोग्राफीत तेवढ्याने भागत नाही. प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण, कुठे टेकवायचा, किती दाबायचा, कोणत्या कोनात कलवायचा, हे तपासणाऱ्याला क्षणोक्षणी ठरवावे लागते, आणि जे त्याच्याकडून पाहायचे राहिले ते नंतर रिपोर्ट लिहिणाऱ्यालाही दिसत नाही. अमेरिकेत हे काम बहुतांश रुग्णालयांत डॉक्टर करत नाहीत, सोनोग्राफर करतात. त्यांनी घेतलेल्या प्रतिमा आणि नोंदी पाहून रेडिओलॉजिस्ट निदान लिहितो. ब्रिटनमध्ये तर बरेच सोनोग्राफर रिपोर्टही स्वतःच लिहितात.

अमेरिकेत या पेशात शिरायच्या वाटा अनेक आहेत. कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची पदवी, विद्यापीठातली चार वर्षांची पदवी, किंवा आधीच नर्सिंग, रेडिओग्राफी असे काही शिकलेल्यांसाठी वर्ष-दीड वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. नाव कोणतेही असो, त्याला ‘सीएएएचईपी’ या संस्थेची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी पाहावे लागते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा केला की प्रमाणन परीक्षेचा रस्ता सरळ होतो. मान्यता नसलेल्या ठिकाणी भरमसाट फी भरून नंतर पात्रतेसाठी धावाधाव करण्यात शहाणपण नाही.

सुरुवात शरीररचना आणि भौतिकशास्त्राने होते, आणि अनेकांचा घाम निघतो तो भौतिकशास्त्रात. माणसाला सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. तपासणीतल्या ध्वनिलहरी साधारण 20 लाख ते दीड कोटी कंपनांच्या असतात. शरीराच्या मऊ पेशींतून त्यांचा वेग सेकंदाला 1,540 मीटर धरतात. म्हणजे एक सेंटीमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतायला सुमारे 13 मायक्रोसेकंद लागतात, आणि या हिशेबावरच यंत्र पडद्यावरचा प्रत्येक ठिपका मांडते. कंपने जितकी जास्त तितके चित्र रेखीव, पण लहर तितकीच लवकर विरते. म्हणून थायरॉइडला एक प्रोब आणि स्थूल माणसाच्या लिव्हरला दुसरा. त्वचेवर थंडगार जेल लावतात तेही याच शास्त्रापायी: मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी लहरी आत शिरण्याआधीच परत फिरतात.

प्रयोगशाळेत विद्यार्थी कृत्रिम नमुन्यांवर आणि एकमेकांवर हात बसवतात. मात्र वर्गमित्रांची पोटे बहुधा निरोगी असतात. खरे शिक्षण रुग्णालयात, अनुभवी सोनोग्राफरच्या देखरेखीखाली, महिनोन्महिने चालते. पित्ताशयाचेच पाहा. रुग्णाला उपाशीपोटी बोलावतात, कारण जेवणानंतर पित्ताशय आकसते. उजव्या बरगडीखाली प्रोब ठेवून त्याला दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगितले की लिव्हर खाली सरकते आणि पित्ताशयाची काळी पिशवी समोर येते. तिच्यात पांढरा ठिपका दिसला म्हणून लगेच खडा म्हणायचे नसते. खड्याच्या मागे बहुधा काळी सावली पडते. मग रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचे. ठिपका घरंगळला तर खडा, भिंतीला चिकटून राहिला तर पॉलिप असण्याची शक्यता. शेजारच्या आतड्यातला वायूही हुबेहूब खड्यासारखा भास निर्माण करतो आणि नवख्याला हमखास चकवतो.

याच काळात तोंड सांभाळायलाही शिकावे लागते. गर्भाचे ठोके दिसत नाहीत हे सोनोग्राफरला सर्वांत आधी कळते, आणि पलंगावरची बाई त्याचाच चेहरा वाचत असते. अमेरिकेत निदान सांगण्याचे काम डॉक्टरचे. त्यामुळे खोटा दिलासा न देता आणि घाबरवूनही न सोडता डॉक्टर येईपर्यंतचा वेळ निभावून न्यायचा असतो. हे पुस्तकातून येणे कठीण.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सोनोग्राफरला सरकारी परवाना लागत नाही. रुग्णालये मात्र ‘एआरडीएमएस’चे प्रमाणपत्र मागतात. 1975 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक ध्वनिलहरींच्या भौतिकशास्त्राची, दुसरी निवडलेल्या शाखेची: पोट, स्त्रीरोग व प्रसूती, हृदय, रक्तवाहिन्या वगैरे. पुढे दर तीन वर्षांनी सततच्या शिक्षणाचे 30 गुण दाखवावे लागतात.

माहितीपत्रकांत सहसा न सापडणारी गोष्ट म्हणजे खांदेदुखी. हात लांबवून, मनगट वाकवून, मान पडद्याकडे वळवून दिवसभर प्रोब दाबून धरायचा. दहातले आठ-नऊ सोनोग्राफर दुखणे अंगावर काढत काम करतात. म्हणून पलंगाची उंची, कोपराला आधार आणि रुग्णाला आपल्या जवळ सरकवून घेणे हेही अभ्यासक्रमात शिकवतात. विद्यार्थी ते शिकतात आणि घाईच्या दिवशी सगळ्यात आधी विसरतात.

भारतात चित्र वेगळे आहे: इथे सोनोग्राफी कोणी करायची हे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा ठरवतो. असा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्र सरकारचा 1994 चा कायदा 1996 पासून लागू झाला आणि 2003 पासून अधिक कडक झाला. त्यानुसार यंत्राची व तपासणी केंद्राची नोंदणी सक्तीची असून प्रोब धरण्याचा अधिकार ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरांनाच आहे: रेडिओलॉजीतले एमडी, डीएमआरडी वगैरे. 2014 च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे, 300 तासांचे प्रशिक्षण ठरवून दिले. गर्भवतीची तपासणी केली की तिच्या नोंदीचा एफ फॉर्म भरायचा, आणि इथे लिंगनिदान होत नाही असा फलक दर्शनी भागात लावायचा.

तेव्हा बारावीनंतर रेडिओग्राफीची पदवी घेणाऱ्या मराठी मुलामुलींना इथे एक्स-रे, सीटी, एमआरआयची कामे मिळतात, सोनोग्राफीची नाही. परदेशात जाऊन सोनोग्राफर व्हायचे असेल तर तिथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हाच भरवशाचा मार्ग. भारतात शिकलेल्या डॉक्टरांसाठी ‘एआरडीएमएस’ने पात्रतेची वेगळी अट ठेवली आहे, तिच्यात पदवीबरोबर प्रत्यक्ष सोनोग्राफीच्या अनुभवाचा दाखला द्यावा लागतो.